छत्री मी लिहिली नव्हती

४ जानेवारी

प्रिय आत्या,

पार्सल उघडून दचकू नकोस. दोऱ्याने बांधलेले हे गठ्ठे म्हणजे माझी कादंबरी आहे. पहिली अकरा प्रकरणं.

कागद असे का, ते सांगते. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याची कार्डं छापताना उजवा डोळा डावीकडे आणि डावा उजवीकडे छापला गेला. डॉक्टर छापखानेवाल्यावर भरपूर ओरडले आणि मला म्हणाले, हा ढीग फेकून दे. मी तो घरी आणला. पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकले की बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं लागतात. तो बिचारा डोळे मिटून बाकावर बसतो आणि मी तपासणीच्या खोलीत बसून कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिते. एका कार्डावर माझ्या नऊ ओळी मावतात. प्रकाशनाच्या संपादक बाईंनी नमुन्याची दोन प्रकरणं वाचून कळवलं की, "आपली लहान परिच्छेदांची शैली मोहक आहे." शैली कसली डोंबलाची, कार्ड संपतं!

घरी लिहिणं शक्य नाही. लेकीच्या दोन वेण्या, तिचा अभ्यास, तिची रोज हरवणारी एक चप्पल. नवरा बस चालवतो, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे आमच्या घरात कोणीतरी कायम झोपलेलं असतं आणि बाकीचे दबक्या पावलांनी फिरत असतात.

पेन्सिलीतलं आहे तो पहिला खर्डा, तो सोडून दे. निळ्या शाईतला दुसरा. लाल शाईतलं तेवढं खरं. मे संपायच्या आत सगळं बाईंच्या टेबलावर हवंय, नाहीतर त्यांची यंदाची यादी भरेल आणि मी गेले पुढच्या वर्षावर. सहा वर्षं झाली आत्या हे लिहितेय. आणखी एक वर्ष माझ्यात नाही.

तू आपणहून टाईप करते म्हणालीस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुझ्याइतकं बिनचूक कोणी करणार नाही.

कादंबरीतला बाप आपला बाबा आहे का, असं विचारशील. आहे. माझ्या आठव्या वर्षी तो अकरा महिने घर सोडून गेला होता, आणि परत आल्यावर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, त्याची ही गोष्ट. आता तो वारला त्यालाही पाच वर्षं झाली. आता तरी कोणीतरी बोलायला हवं ना?

तुझी,
ठमी

१९ जानेवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पहिली पाच प्रकरणं सोबत पाठवते, दोन-दोन प्रती. प्रत्येक कार्डाच्या मागून दोन डोळे माझ्याकडे बघतात, तेही उलटे. चौथ्या प्रकरणानंतर मी कार्डं पालथी ठेवायला लागले.

बिनचूकपणाबद्दल म्हणशील तर मला त्याचं कौतुक नको. चौतीस वर्षं कोर्टात जबान्या टाईप केल्या. साक्षीदार ढळढळीत खोटं बोलतोय हे मला दिसायचं, न्यायाधीशांना दिसायचं, शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्यालाही दिसायचं. मी ते खोटं जसंच्या तसं टाईप करायचे. एकाने एकाच दिवशी स्वतःची तीन वेगवेगळी वयं सांगितली. मी तिन्ही टाकली. टाईपिस्टला कान असतात, मत नसतं.

तुझं अक्षर मात्र डॉक्टरांच्या संगतीने बिघडलंय. आणि फोन करत जाऊ नकोस. उजव्या कानाने संप पुकारलाय, मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. त्यापेक्षा पत्र बरं.

लिहितेस चांगलं. फक्त तो बाप जरा जास्तच काळा रंगवलायस का? मत नाही, सहज विचारलं.

तुझी आई बरी आहे. गेल्या आठवड्यात भाजी घेताना दिसली. लांबून हात केला.

तुझी,
आत्या

६ फेब्रुवारी

आत्या,

"प्रिय" मुद्दाम लिहिलेलं नाही.

परवा आणि काल मिळून वीस-वीस मिनिटांच्या चार फटींत मी तुझी टाईप केलेली पानं माझ्या कार्डांशी ताडून पाहिली. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असते, "हे बरं दिसतंय, की आधीचं?" काल तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते.

मी लिहिलं होतं, "तो गेला, कारण त्याला जायचं होतं." तू टाईप केलंस, "तो गेला, कारण त्याला जावं लागलं."

मी लिहिलं होतं, "पळपुटा माणूस." तुझ्या पानावर तो "हळवा माणूस" झालाय.

मी लिहिलं होतं, "अकरा महिन्यांत एकही पत्र आलं नाही." तू पुढे जोडलंस, "पत्रं कदाचित वाटेत गहाळ झाली असावीत." अकरा महिन्यांची? सगळीच्या सगळी? आपलं पोस्टखातं इतकं वाईट कधीच नव्हतं!

अशा एकोणीस जागा सापडल्या. चौतीस वर्षं ज्या बाईने खोटारड्यांचं खोटंसुद्धा बदललं नाही, तिने माझं खरं बदललं. मला शेंडी लावायला तुला कोणी सांगितलं?

मी चुकले असेन तर तोंडावर सांग. भांडू आपण. पण माझ्या वाक्यात मला न विचारता शिरायचं नाही. माझ्याकडे दिवसाची चाळीस मिनिटं माझी म्हणून असतात आणि त्यांतून ही वाक्यं निघतात. घर माझं नाही, वेळ माझा नाही, तपासणीच्या खोलीतलं स्टूलसुद्धा डॉक्टरांचं आहे. वाक्यं तेवढी माझी आहेत.

एकोणीसही जागा दुरुस्त करून पाठव. नाहीतर कार्डं परत कर, मी एका बोटाने टाईप करीन.

ठमी

१४ फेब्रुवारी

ठमे,

आधी मी ठरवलं होतं की तुझंच वाचायला चुकलं असं सांगायचं. मग कार्डं काढली. एकोणीस नाहीत, बावीस आहेत. तीन तुला सापडल्या नाहीत. त्याही दुरुस्त केल्यात.

माफी मागत नाही. तो माझा मोठा भाऊ होता. मला सायकल त्याने शिकवली, टाईपिंगच्या क्लासला त्याने घातलं, परीक्षेच्या दिवशी बाहेर तीन तास उभा राहिला. तू "पळपुटा" लिहिलंस आणि माझी बोटं त्या अक्षरांवर जाईनात. कोर्टातल्या माणसांपैकी कोणी माझा भाऊ नव्हता, हे चौतीस वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण तुझं म्हणणं बरोबर आहे. भांडायचं तर तोंडावर. म्हणून तोंडावर सांगते: तू त्याला आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी बघतेस. ती मुलगी आता अडतीसची आहे, तिने नंबर तपासून घ्यावा.

उद्यापासून मी यंत्र. तू दगड लिहिलास तर दगड टाईप करीन.

आत्या

२० मार्च

प्रिय आत्या,

राग गेला. थोडा उरलाय, तो कामाला येतो.

महिनाभर पत्र नाही, कारण इकडे तारांबळ उडाली होती. लेकीला गोवर झाला, मग तिच्या मैत्रिणींना, मग शेजारणींनी माझ्याशी बोलणं सोडलं. नवऱ्याची बस वळणावर कठड्याला घासली. त्याला काही झालं नाही, पण चौकशीसाठी चार दिवस घरी बसवलं, आणि घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे काय विचारू नकोस. मी भाजी चिरत असले तरी मागून सांगतो, "डावीकडून घे."

त्यात डॉक्टरांना माझी कार्डं सापडली. म्हणाले, "हा दवाखाना आहे, वाचनालय नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्याकडून एखाद्या पेशंटचा नंबर चुकला तर सांगा. तो चुकत नाही तोवर कार्डाची मागची बाजू माझी." आवाज चढला होता माझा. बाकावरचे दोन पेशंट डोळे मिटून हसत होते. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दुसऱ्या दिवशी खोलीत टेबलावर एक दिवा ठेवलेला होता. कोणी ठेवला, मी विचारलं नाही.

एक प्रकरण पाठवतेय, बारावं. हे सहा वेळा लिहिलंय आणि सहाही वेळा ते माझ्या हातातून निसटलं. मुलगी आईबरोबर आत्याच्या घरी जाते. दुसरा मजला. आत्या दार अर्धवट उघडते. आई विचारते, "हे इकडे आलेत का?" आत्या म्हणते, "नाही वहिनी, इकडे कुठे?" मुलीच्या हातात दोन बिस्किटं देते. मग दोघी जिना उतरतात. बस, एवढंच. पण काहीतरी कमी आहे. ती आत्या दारात नुसती उभी राहते, माणूस वाटत नाही.

ती तू नाहीस, असं म्हणणार होते. आहेस. पण तिथे तुझं काही वाईट नाहीये, त्यामुळे बोटं अडायला नकोत.

तुझी,
ठमी

३ एप्रिल

ठमे,

बारावं प्रकरण सोबत आहे. शब्दाला शब्द.

लेकीची काळजी घे. गोवरानंतर डोळे जपावे लागतात, तुला मी काय सांगणार.

आत्या

११ एप्रिल

आत्या,

शब्दाला शब्द आहे. फक्त एक वाक्य जास्त आहे.

तिसऱ्या पानावर, आत्या दार उघडते तिथे. "दाराआडच्या खुंटीला एक छत्री होती, मुठीला हिरवा दोरा गुंडाळलेली."

ही छत्री मी लिहिली नव्हती. कार्डं तीनदा पाहिली. पेन्सिलीत नाही, निळ्यात नाही, लालमध्ये नाही.

आधी वाटलं, तू पुन्हा सुरू झालीस. रागाने पेन उचललं. मग ती मूठ डोळ्यांपुढे आली. बाबाच्या छत्रीची मूठ तडकली होती आणि आईने तिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा तिला घट्ट गुंडाळून दिला होता. बाबा गेला त्या सकाळी छत्री घेऊन गेला. ऊन होतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

त्या दिवशी मी तुझ्या दारात तुझ्या हातातली बिस्किटं बघत होते. मी छत्री पाहिली नाही. मग ती कोणी पाहिली?

आत्या, तो आत होता का?

ठमी

२९ एप्रिल

ठमे,

हे पत्र पाच वेळा टाईप केलं आणि फाडलं. आता हाताने लिहितेय.

होता. अकरा महिने माझ्याकडेच होता.

त्या दिवशी तुम्ही दोघी दारात होतात तेव्हा तो आतल्या खोलीत खिडकीपाशी उभा होता. मधे एक पडदा. तुझा आवाज त्याने ऐकला. "आत्या, बाबा कधी येणार?" असं तू विचारलंस, ते तू तुझ्या प्रकरणात लिहिलेलं नाहीस. कदाचित विसरली असशील. मी विसरलेले नाही.

तुला वाटत असेल, मोठं कारण असणार. मलाही वाटायचं. दुखणं, कोणाचा धाक, दुसरी बाई, काहीतरी. मी विचारून विचारून थकले. शेवटी एकदा म्हणाला, "कंटाळा आला गं. रोज तेच." जवळच्या कागदाच्या गोदामात काम धरलं, संध्याकाळी येऊन खिडकीत बसायचा. तेवढंच कारण होतं. एवढ्याशा कारणाची त्याला स्वतःलाही लाज वाटायची, म्हणून परत जाता येईना. तू लिहिलेलं वाक्य बरोबर होतं. तो गेला, कारण त्याला जायचं होतं. मी ते बदललं, कारण त्याला काहीतरी मोठं कारण असायला हवं होतं असं मला तीस वर्षं वाटत आलंय.

आणि मी? दिवसभर दुसऱ्यांच्या शपथा टाईप करायचे आणि घरी येऊन तुझ्या आईशी खोटं बोलायचे. त्या एका दिवशी तोंडावर, नंतर वर्षभर गप्प राहून. त्यानंतर तुझ्या आईच्या घरात मी कधी नीट बसले नाही. लांबून हात करते.

वाक्य मी मुद्दाम टाकलं का, असं विचारशील. नाही. दार उघडलं एवढं टाईप झालं आणि बोटं थांबली नाहीत. वाचून पाहिलं तेव्हा कळलं. खोडता आलं असतं. खोडलं नाही.

आता तू काय करायचं ते कर.

आत्या

१२ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र दवाखान्यात उघडलं ही चूक झाली. त्या दिवशी मी एका आजोबांना चार वेळा विचारलं, "हे बरं, की आधीचं?" आणि भिंग बदललंच नव्हतं. ते शेवटी म्हणाले, "बाई, दोन्ही सारखंच दिसतंय, तुम्ही घरी जा."

आठवडाभर तुझा इतका राग आला होता की मनातल्या मनात तुला वाट्टेल ते बोलले. मग आठवलं, मी शाळेत असताना दर परीक्षेला पेनं पाठवणारी तू, माझी पहिली गोष्ट छापून आली तेव्हा मासिकाच्या सात प्रती घेणारी तू. राग आणि तू एका वेळी माझ्या डोक्यात मावेनात. मग लिहायला बसले, दुसरं काय येतं मला.

बारावं प्रकरण सातव्यांदा लिहिलंय. सोबत आहे. छत्री ठेवली आहे. आत्या आता माणूस झालीय. तिचा हात दारावर थरथरतो, डोळे भरून येतात, ती काहीतरी सांगणार असते पण भाऊ आतून खाकरतो आणि शब्द घशात अडकतात. दार लावल्यावर ती तिथेच बसून रडते.

दुसरं एक लचांड. बारावं सोडून बाकी सगळं, शेवटासकट, मी एप्रिलमध्येच संपादक बाईंना पाठवलं होतं, त्यांचं पत्र आलंय. कादंबरी आवडली, पण शेवट "कोरडा" आहे. माझ्या शेवटी बाप परत येतो, आई दार उघडते, म्हणते "चपला बाहेर काढा," आणि जाऊन अर्धवट राहिलेलं शिवण हातात घेते. बाईंना वाटतं की त्याने माफी मागावी, तिने रडावं, मुलीने दोघांना मिठी मारावी. "वाचकाला दिलासा हवा असतो." तसं केलं तर यंदाच छापतील. नाही केलं तर पुन्हा विचार करावा लागेल म्हणतात.

मे संपायला एकोणीस दिवस आहेत. खरं सांगू? परवा मी त्या मिठीच्या चार ओळी लिहूनही पाहिल्या. सरळ कार्डावर उतरल्या, अडखळल्या नाहीत. तेच मला आवडलं नाही.

ठमी

१७ मे

ठमे,

सातवा खर्डा टाईप केलेला नाही. करणारही नाही.

माझा हात थरथरत नव्हता. मी रडले नाही. तो आतून खाकरला नाही, श्वाससुद्धा घेत नव्हता. मी दार धरून सरळ उभी होते आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नाही वहिनी, इकडे कुठे?" इतक्या साध्या आवाजात की कोर्टात असते तर कोणीही विश्वास ठेवला असता. दार लावून मी आत गेले आणि कुकर लावला. तिघांपुरता लागायचा तो तेव्हा, माझ्यापुरता एक आणि त्याच्या दोन वेळचा.

फेब्रुवारीत तू माझ्यावर कशावरून ओरडलीस आठवतंय? मी भावाला "हळवा" केलं म्हणून. आता तू मला हळवी करतेस. माझ्या भावाला एक न्याय आणि मला दुसरा, हे चालायचं नाही. मी जे केलं ते जसंच्या तसं लिही. मला रडवून सोडवू नकोस. तीस वर्षं मी स्वतःला सोडवलेलं नाही, तुझ्या चार ओळींनी थोडीच सुटणार आहे?

आणि तुझी ती संपादक बाई तुझ्याकडून तेच मागतेय जे मी केलं. माझ्यावर चिडलीस, तिच्यावर का नाही? ती छापणारी आहे म्हणून?

आणखी एक. हे पुस्तक छापून येईल आणि तुझी आई ते वाचेल. तिला ती छत्री छापील पानावर भेटावी हे मला मान्य नाही. उद्या सकाळी मी तिच्याकडे जातेय, प्रकरण घेऊन. तुझ्या सहाव्या खर्ड्याचं, छत्रीसकट. तुझी परवानगी विचारत नाही, कळवतेय.

आत्या

२० मे

प्रिय ठमे,

गेले होते. तुला सगळं क्रमाने सांगते, जबानीसारखं, म्हणजे मला मधे काही घालता येणार नाही.

साडेदहाला पोचले. तुझी आई मशीनवर काहीतरी शिवत होती. मला बघून म्हणाली, "लांबून हात करायची सोय नाही इथे, आत या." मी बसले. म्हटलं, "वहिनी, एक पान वाचून दाखवायचंय." म्हणाली, "चष्मा आहे माझा, मी वाचते. माझ्याच लेकीने नंबर काढलाय."

वाचलं. सावकाश. तिसऱ्या पानावर थांबली. मी म्हटलं, "तो आत होता. मी खोटं बोलले." एवढं ओठांवर यायला मला तीस वर्षं लागली आणि बोलायला चार सेकंद.

तिने पान खाली ठेवलं आणि म्हणाली, "दोरा हिरवा नव्हता. निळा होता."

मी पान उचलून ती ओळ पुन्हा वाचली. ती म्हणाली, "माझ्या हातची गाठ मी ओळखणार नाही का? तुम्ही दार उघडलंत आणि पहिली तीच दिसली."

मी विचारलं, "मग तुम्ही काही बोलला का नाहीत? दार ढकललं असतं तर..."

"ढकललं असतं तर उघडलं असतं," ती म्हणाली. "मग तो मान खाली घालून माझ्यामागे आला असता. आणि मी जन्मभर ओढून आणलेल्या माणसाला वाढत बसले असते. मला नको होता तसा नवरा. यायचं तर त्याच्या पायांनी यावं, नाहीतर राहावं तिथेच. मी शिवणाची कामं घेतली, पोरीची शाळा चालू ठेवली. तो येईपर्यंत माझं त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. तो आला तेव्हा हे त्याला उंबऱ्यातच कळलं, म्हणून गप्प चपला काढून आत आला."

ठमे, इतकी वर्षं मी समजत होते की त्या दारात मी तिला फसवलं. ती तर मला आणि त्याला, दोघांना तिथेच सोडून जिना उतरली होती.

मी रडले. आता लिही हवं तर, हे खरं आहे. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "पुरे आता, मला बाही लावायचीय."

निघताना मी तिला सांगितलं की तू शेवट बदलायचा की नाही याच्या विचारात आहेस, मिठी वगैरे. तुझी आई इतकी हसली की मशीनचा दोरा तुटला. मग पेन मागितलं. मी सांगितलं होतं तिला, कोर्टात साक्षीदार प्रत्येक पानाखाली सही करतो. तिने "हिरवा" खोडून "निळा" केलं, आणि खाली सही केली.

ते पान सोबत पाठवते. जपून ठेव.

तुझी,
आत्या

२६ मे

प्रिय आत्या,

पान मिळालं. आईची सही इतकी सरळ आहे की मी तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं.

बारावं प्रकरण आठव्यांदा लिहिलंय आणि आता ते निसटत नाही. आत्या साध्या आवाजात खोटं बोलते. आई निळ्या दोऱ्याकडे बघते, मुलीचा हात धरते आणि जिना उतरते. मुलगी विचारते, "बाबा तिथे नव्हता ना?" आई म्हणते, "बिस्किटं खा." इतकी वर्षं मला वाटत होतं की ही बापाच्या जाण्याची गोष्ट आहे. मी चुकीच्या माणसाकडे बघत होते. तू म्हणालीस तेव्हा लागलं होतं मला, पण नंबर खरंच तपासायला हवा होता.

शेवट तोच ठेवला. "चपला बाहेर काढा." सहा वर्षांपूर्वी तो लिहिला तेव्हा मला स्वतःला माहीत नव्हतं की आई असं का म्हणते. आता माहीत आहे, आणि आता तर त्याला कोणी हात लावून दाखवावा. मिठीच्या ओळींचं कार्ड फाडलं. लेकीने तुकड्यांवर दोन उलटे डोळे शोधून वहीत चिकटवले.

यंदा नाही छापलं तर पुढच्या वर्षी दुसरीकडे पाठवीन. मागे लिहिलं होतं की आणखी एक वर्ष माझ्यात नाही. आहे. हवी तितकी आहेत. कार्डांचा अजून अर्धा ढीग शिल्लक आहे.

प्रकरणाबरोबर संपादक बाईंना पाठवायचं पत्रही आहे. तेवढं टाईप करून तिथूनच पोस्टात टाक, म्हणजे मे संपायच्या आत पोचेल. मजकूर असा:

"स. न. वि. वि. आपलं पत्र मिळालं. क्षमस्व, कादंबरीचा शेवट बदलणार नाही. त्यातली आई रडणार नाही, बाप माफी मागणार नाही आणि मुलगी कोणाला मिठी मारणार नाही. वाचकाला दिलासा हवा असेल तर तो त्या बाईच्या सरळ पाठीत आहे, नीट पाहिलं तर दिसेल. बारावं प्रकरण नव्याने लिहिलं आहे, सोबत पाठवत आहे. हा माझा शेवटचा खर्डा आहे."

आणि आत्या, एक शब्दही बदलायचा नाही हं!

तुझी,
ठमी

२९ मे

प्रिय ठमे,

दोन्ही टाईप केलं. पोस्टात मी स्वतः टाकून आले. जाताना वाटेत तुझ्या आईकडे चहा घेतला, आत बसून.

बारावं प्रकरण शब्दाला शब्द आहे. "खोटं बोलली" टाईप करताना बोटं अडली नाहीत.

पत्रातला एक शब्द मात्र मी गाळला. पहिलाच, "क्षमस्व". तो तिथे कशाला होता, ते मलाही कळलं नाही आणि तुझ्या आईलाही.

तुझी,
आत्या